मधपाळाचा पांढरा अंगरखा आणि आमचा पावसाळा

चवथीला पंधरा दिवस राहिले की आमच्या घरात झाडलोट सुरू होते. माटोळीची चौकट खाली येते, तांब्याची भांडी चिंचेने घासली जातात आणि मे महिन्यापासून बंद असलेली कपाटे उघडली जातात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मी माझी मधमाश्यांच्या कपड्यांची पिशवी बाहेर काढली. पांढरा अंगरखा, जाळीचा बुरखा आणि हातमोजे असा सगळा सरंजाम मी मे महिन्याच्या अखेरीस धुऊन, इस्त्री करून, ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून तो मला मिळाला होता त्याच पिशवीत नीट घडी घालून ठेवला होता. एखादी फाईल बंद करावी तसा!

पिशवीची चेन उघडली आणि आधी आला तो वास. बंद पडलेल्या घरात शिरल्यावर येतो तसा. मग दिसले ते ठिपके. अंगरख्याच्या पाठीवर, बाह्यांवर, कॉलरच्या आत, जणू कुणीतरी मिरपूड शिंपडून ठेवली होती. हातमोजे चामड्याचे, त्यांच्यावर हिरवट-पांढरी लव उगवली होती. आई पाटावर नारळ किसत बसली होती. तिने एकवार बघितले आणि म्हणाली, "पावसांत कोण कपडे प्लास्टिकांत घालता रे?"

या एका वाक्यात जे आहे ते मला शिकायला पुढची दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे वाचकांची तरी वाचावीत म्हणून हे लिहितो आहे.

मी कारकून माणूस. मराठी घेऊन बी. ए. झालो, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. घरामागे छोटे कुळागर आहे, माड, पोफळी, चार केळी आणि मिरीचे वेल. त्यात सातेरी माश्यांच्या चार पेट्या. सातेरी म्हणजे आपली देशी, पोकळीत पोळी बांधणारी माशी. आता आमची ग्रामदेवीही सातेरीच, रोयणीच्या रूपात पुजली जाणारी, त्यामुळे "सातेरी पळाली" किंवा "सातेरी मेली" असे काही आईसमोर बोलण्याची सोय नाही. घरात आम्ही त्यांना नुसते "म्होंवामूस" म्हणतो. असो.

त्या दिवशी मी काय केले ते आधी सांगतो, कारण असे करणारे गोव्यात माझ्याखेरीज बरेच असणार. मी पांढरे कपडे पांढरे करण्याचा जो मार्ग सगळ्यांना माहीत असतो तोच धरला. बादलीत पाणी, त्यात अंदाजाने ब्लीच, म्हणजे पुष्कळच, आणि अंगरखा, बुरखा, इलॅस्टिक, चेन सगळे एकदम बुडवून रात्रभर ठेवले. सकाळी ठिपके फिके झाले होते, गेले नव्हते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बिंबलं चोळ, कसलाही डाग जातो. मी त्याच बादलीत, त्याच न्हाणीत, बिंबलं चिरून टाकली. दोन मिनिटांत घशाला आणि डोळ्यांना असे काही झोंबू लागले की मी खोकत बाहेर पळालो. ब्लीचमध्ये आंबट पदार्थ पडला की क्लोरीन वायू सुटतो, हे मला नंतर कळले. बिंबल असो, लिंबू असो की व्हिनेगर, ब्लीचच्या जवळसुद्धा नेऊ नका. हे एवढे एक वाक्य जरी कुणी लक्षात ठेवले तरी हा लेख लिहिल्याचे मला समाधान आहे.

बिंबलाचा मात्र दोष नव्हता. अंगरख्याच्या चेनीजवळ गंजाचा तांबूस डाग होता, तो बिंबलाने झकास गेला. बिंबलातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे लोखंडाचा गंज विरघळतो. बुरशीचा काळा डाग वेगळ्या जातीचा. आपल्या बायका हे पूर्वीपासून जाणून होत्या, कुठल्या डागाला काय लावायचे याची त्यांची यादी पाठ असे. काजूच्या बोंडाचा रस कपड्यावर पडला तर त्या कपड्याकडे "हा आता बागेत घालायचा" एवढे म्हणून बघत. त्यावर कुणी रात्रभर डोके फोडत बसत नसे.

तर त्या ब्लीचचा खरा परिणाम ऑक्टोबरात दिसला. पाऊस ओसरला, मी बुरखा घालून पेटी उघडायला गेलो. चौकट वर उचलताना बुरख्याची जाळी माझ्याच खांद्याला अडकली आणि कागद फाटावा तशी फाटली. तीन माश्या आत शिरल्या. एकीने डोळ्याच्या खाली डंख मारला. चार दिवस मी कचेरीत एक डोळा मिटून बसलो होतो आणि येणारा प्रत्येक माणूस विचारत होता. जाळी नायलॉनची होती. क्लोरीनच्या ब्लीचने नायलॉनचा धागा पिवळा पडतो आणि आतून कुजतो, इलॅस्टिकचेही तेच. म्हणजे ज्या कपड्याचे काम मला वाचवणे हे होते, तो मी पांढरा करण्याच्या नादात निकामी करून ठेवला होता.

यावर "मग नवा बुरखा घ्या" एवढेच उत्तर असते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. गोष्ट त्याच्या पुढे आहे.

आमच्या वाड्यावर माझ्याबरोबर आणखी तिघांनी पेट्या घेतल्या होत्या. २०१७ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाचे मध अभियान आले, २०२० नंतर केंद्राचे राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान आले, तेव्हापासून पेट्यांचा बोलबाला आहे. ते चांगलेच आहे. पण आमच्यापैकी दोघांच्या पेट्या चवथीपर्यंत रिकाम्या झाल्या. एकाच्या पेटीत आता कोंबडी अंडी उबवते, हे मी विनोद म्हणून सांगत नाही. मी त्याला विचारले, पावसात पेटी उघडून बघितली नाहीस का? तो म्हणाला, "कपडे घालण्यासारखे राहिले नव्हते. बुरशी आली, वास मारत होता. म्हटले, पाऊस गेल्यावर बघू."

त्याचे हे बोलणे माझ्या डोक्यात राहिले. कारण सातेरी माशी जाते ती पावसातच. जून ते सप्टेंबर तिला बाहेर पडता येत नाही, फुलांतला पराग धुऊन जातो, मध संपतो. त्याच दमट दिवसांत मेणकिडा पोळ्यात शिरतो आणि जाळी विणतो. सातेरी मोठी मानी माशी. उपाशी राहिली किंवा घरात कीड शिरली की ती सगळी वसाहत घेऊन निघून जाते. तिला थांबवायचे तर पाऊस उघडेल त्या संध्याकाळी पेटी उघडून बघायला हवी, सारखे पाणी आणि सारखी साखर घेऊन पाक द्यायला हवा, तळफळी झाडायला हवी, माश्यांनी सोडलेले जुने पोळे काढून टाकायला हवे. म्हणजे मधपाळाच्या कपड्यांची खरी गरज आमच्याकडे पावसाळ्यात आहे. आणि नेमका तेव्हाच आम्ही तो पिशवीत घालून कपाटात ठेवतो!

हे कपाटात ठेवणे आपले नाही, ते साहेबाच्या पुस्तकातून आले आहे. विलायतेत हिवाळा आला की माश्या पेटीत एकमेकींना चिकटून बसतात, मधपाळ पेटी उघडत नाही, आपले कपडे धुऊन घडी करून ठेवतो आणि वसंतात काढतो. तिकडे ते बरोबर आहे. आमच्याकडे मात्र हंगाम संपतो तो पावसाच्या तोंडावर, आणि पुढे चार महिने हवेत इतका ओलावा असतो की मीठ बरणीत वितळते. पणजीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला दुसरे काही लागत नाही. सुती कापड हेच तिचे अन्न. त्यात घाम आणि मधाचा चिकटा असला, किंवा कपडा कडक राहावा म्हणून कुणी पेजेची खळ दिली असली, तर तिची पंगतच बसली म्हणायची. महाबळेश्वरला तर आमच्या दुपटीच्या आसपास पाऊस, आणि सातेरी पाळण्याची जुनी परंपराही तिथलीच. त्या भागातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्या पट्ट्यातल्या माणसाला ओल्या हवेत कपडा कसा टिकवायचा हे कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

आम्हाला मिळालेल्या दोन दिवसांच्या शिकवणीत राणी माशी, कामकरी माशी, नर, चौकटी, मध काढण्याचे यंत्र सगळे झाले. शिकवणारे जीव ओतून शिकवत होते, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण कपड्यांबद्दल एक वाक्य होते, "स्वच्छ ठेवा." मीही सरकारी माणूस आहे. वस्तू दिली, पोचपावतीवर सही घेतली की काम झाले असे वाटण्याची सवय मला आतून माहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की गोव्यात पेटीबरोबर कपडे देताना तो पावसाळ्यात कसा सांभाळायचा याचा एक तास तरी ठेवावा, आणि कपड्यांना प्लास्टिकच्या पिशवीऐवजी साध्या कापडाची पिशवी द्यावी. खर्च कमीच होईल.

आता डागांचे. लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो, डाग जातो का? माझे उत्तर अनुभवाचे आहे. बुरशी जाते, डाग पूर्ण जाईलच असे नाही. काळी बुरशी स्वतःचा रंग धाग्याच्या आत सोडते. बुरशी मेली तरी तो रंग राहतो, जसा गोंदवून घेतलेला राहतो. पहिल्या आठवड्यात सापडली तर साबणानेही निघते, तीन महिने मुरली तर फिकट करडा ठिपका कायमचा. आणि माझे ठाम मत असे की त्या ठिपक्याच्या मागे लागू नये. माश्यांना काळे, केसाळ, अस्वलासारखे काही दिसले तर त्या चिडतात म्हणून आपण पांढरा किंवा फिका कपडा घालतो. तिळाएवढ्या करड्या ठिपक्यांनी अंगरखा अस्वल होत नाही. माशीला खटकतो तो वास. ब्लीचचा उग्र वास तिला नको, कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवाचाही नको. मागच्या वेळच्या डंखाचा वास तर मुळीच नको. माशी डंख मारते तेव्हा धोक्याची सूचना देणारा वास सोडते, पिकल्या केळ्यासारखा. तो हातमोज्यांत राहिला तर पुढच्या वेळी तिथेच डंख बसतात. म्हणून धुवायचे ते या वासांसाठी आणि जिवंत बुरशीसाठी. पांढरेपणा हा आपल्या डोळ्यांचा हट्ट. आम्हा कारकुनांना तो अंमळ जास्तच असतो.

मी आता करतो ते असे. कपडे आधी कोरडेच अंगणात नेऊन ब्रशने झाडतो, नाकावर पंचा बांधून. घरात झटकले तर बुरशीचे बी घरभर उडते, दम्याच्या माणसाला त्रास होतो तो वेगळा. मेणाचा थेंब पडला असेल तर तो गरम पाण्याच्या आधी नखाने किंवा बोथट सुरीने खरवडतो, कारण मेण साठ-पासष्ट अंशांना वितळते आणि मग कापडात कायमचे बसते. परदेशी माशीवाल्यांना झाडांच्या राळेचे डागही काढावे लागतात, सातेरी ती राळ गोळा करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. आपले एक काम तिने वाचवले आहे.

मग बुरखा वेगळा काढतो. जाळी फक्त कोमट पाण्यात, साध्या साबणाने, मऊ ब्रशने, दोन्ही बाजूंनी. बाकी काही नाही. सुती अंगरखा मात्र धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात तासभर. आमच्या लहानपणी मडवळ कपडे भट्टीत घालायचा त्याचीच ही घरगुती आवृत्ती. ठिपके हट्टी असतील तर दुकानात ऑक्सिजनवाले ब्लीच मिळते, पूड असते ती. चार लिटर चांगल्या कोमट पाण्याला पोह्याचे दोन चमचे, आणि चार-पाच तास भिजवायचे. काम हळू करते, पण धागा खात नाही आणि मागे उग्र वास ठेवत नाही. साधे क्लोरीनचे ब्लीच वापरायचेच असेल तर ते शुद्ध सुती पांढऱ्या कापडालाच, पंधरा लिटरच्या बादलीला अर्धी वाटी, दहा मिनिटे, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, आणि नंतर तीन पाण्यांतून काढायचे. रात्रभर ठेवणारा मूर्ख कोण ते वर सांगितलेच आहे. चामड्याचे हातमोजे पाण्यात बुडवू नयेत. व्हिनेगर घातलेल्या पाण्याचे फडके पिळून त्यांना आतून-बाहेरून पुसायचे आणि वाऱ्यावर, सावलीत सुकवायचे. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवण्याची पद्धत आहे. त्या कसरीसाठी. बुरशीला त्यांनी काही होत नाही, आणि कीटक मारणाऱ्या वासाचा अंगरखा घालून कीटकांच्याच घरी जाणे मला काही पटत नाही.

पण धुणे हे निम्मेदेखील काम नव्हे. सुकवणे हे काम. ऑगस्टात ऊन पडते ते पाहुण्यासारखे, आले म्हणेपर्यंत गेले. त्या दोन तासांत अंगरखा उलटा करून, शिवणी बाहेर काढून उन्हात टाकावा. ऊन नसेल तर पंख्याखाली आणि शेवटी इस्त्री. कापड कोरडे वाटले तरी शिवणी आणि खिशांचे कोपरे ओले असतात, बुरशी तिथूनच सुरू होते. इस्त्री तिथे दाबून फिरवायची. जाळीला इस्त्री दाखवायचीही नाही. पूर्वी लोक कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवत, त्याच्या उबेने कपडे कोरडे राहत. आता एलईडी दिवे आले, उजेड देतात, ऊब देत नाहीत. विजेचे बिल वाचले आणि कपाटातली साडी गेली!

आईच्या माहेरी पावसाळ्यात कपडे चुलीच्या वर बांबूला टांगत. धूर लागायचा, कपड्यांना वास यायचा, पांढरे धोतर वर्षभरात पिवळसर व्हायचे. पण बुरशी नसायची. तिचे काका रानातून मध आणत, ते याच धुराच्या वासाच्या सदऱ्यात जात. मी गेली दोन वर्षे माझा अंगरखा न्हाणीच्या चुलीजवळच्या खुंटीला लावतो. पाणी तापते तेवढा वेळ त्याला ऊब मिळते, थोडा धूर मिळतो. पेटी उघडताना आपण धुराडे वापरतोच, तेव्हा त्या वासाचे माश्यांना नावीन्य नाही. निदान त्या चिडत तरी नाहीत.

आणि मुख्य म्हणजे अंगरखा समोर दिसतो. समोर दिसला की पाऊस थांबलेल्या संध्याकाळी तो हातात घेतला जातो. बुरशी पडून राहिलेल्या कपड्याला येते. आठवड्याला अंगात चढणाऱ्या, वाऱ्याला लागणाऱ्या, पुन्हा खुंटीला जाणाऱ्या कपड्यावर तिला जम बसवायला सवडच मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या चारही पेट्या टिकल्या. याचे सगळे श्रेय खुंटीला देण्याइतका मी भाबडा नाही, पाकाला साखरही पुष्कळ लागली. पण अंगरखा कपाटात असता तर तो पाक मी दिला नसता हे मला पक्के माहीत आहे. कोंबडीवाल्या शेजाऱ्यालाही मी हेच सांगितले. तो म्हणतो, आता कोंबडी उठवायची कशी?

यंदा अंगरख्याच्या पाठीवर ते जुने करडे ठिपके तसेच आहेत. बुरखा नवा आहे, काळ्या जाळीचा, काळ्या जाळीतून बाहेरचे स्पष्ट दिसते म्हणून मुद्दाम घेतला. चवथीला पाहुणे येणार म्हणून बायकोने खुंटीवरचे ते लक्तर दोन दिवस तरी हलवायला सांगितले आहे. मी ते मागच्या पडवीत नेईन म्हटले. कपाट नको. तिसऱ्या पेटीत परवा तळाशी मेणकिड्याची जाळी दिसली होती, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती परत उघडायची आहे.